लोणच्याची फ्रेंच बरणी

३ फेब्रुवारी
घेतली! मंगळवार बाजारात भीमाशंकरच्या गाठोड्यात, पितळी समयांच्या खाली दडली होती. वीतभर उंच, झाकणाची, दुधाळ पांढरी, अंगावर गुलाबी-जांभळी फुलं. "ताई, कुण्या मिलच्या सायबाच्या बंगल्यातली हाय. लई जुनी हाय की." भीमाशंकर काल आणलेल्या कपबशीलाही लई जुनीच म्हणतो. पण फुलं अशी वाटेल तशी विखरून टाकायला फ्रेंच हातच लागतो. तळाशी डांबरासारखा काळा थर, त्यामुळे शिक्का असला तरी दिसत नाही. फ्रान्सच्या लिमोज गावची असणार. साधारण दीडशे वर्षं.

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आता ही कुठं ठेवणार? माझ्या डोक्यावर?"

९ फेब्रुवारी
काल ज्ञानदाचं डोहाळजेवण झालं. सातवा लागलाय. जावई ऋतुराज तिला सोडून पुण्याला परत गेला, आता बाळंतपण होईपर्यंत लेक माझ्याकडं. जुळे सोलापूरचा हा फ्लॅट एकदम भरल्यासारखा वाटतोय.

टेबलावर मधोमध माझी बरणी, आत लिंबाचं लोणचं. अकलूजच्या नणंदबाई म्हणाल्या, "वन्सं म्हणून सांगते पद्मजा, एवढ्या नाजूक वस्तूत लोणचं कोण घालतं?" मी म्हटलं, वस्तू वापरात असली तर जिवंत, शोकेसमध्ये गेली की मेली. आणि आंबट कशात ठेवायचं मग? पितळेत कळकतं, स्टीलला चरे पडतात. चिनी मातीला काय होणार? लोणचं आणि चिनी माती, ही जोडी आपल्याकडं कधीपासूनची. सगळ्यांनी मान डोलावली. मला जरा मिरवायला मिळालं, खोटं का बोला.

१५ फेब्रुवारी
पोरीला आंबटाचे डोहाळे. भाकरीबरोबर लोणचं, दहीभातावर लोणचं, नुसतंही लोणचं. खार बोटानं पुसून चाटते, लहानपणी चाटायची तशी. मी भरत राहते, ती संपवत राहते. फार बरं वाटतं बघायला.

२३ फेब्रुवारी
ज्ञानदाचं पोट दुखतंय. शौचाला साफ होत नाही, झोप नाही, जरा बोललं की अंगावर येते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीला होतंच की. पाणी वाढवा."

होत असेल. मला नव्हतं झालं.

१ मार्च
बरणी पुन्हा भरण्याआधी धुतली आणि उजेडात धरली. आतून चमच्याचे बारीक ओरखडे! खार जिथवर येतो तिथवर चकाकी गेलेली, हात फिरवला तर खरखरीत. लिमोजवर चमच्याचा ओरखडा उठत नाही. सुरीचाही उठायचा नाही.

म्हणजे ही लिमोजच्याही आधीची, कमी भाजलेल्या मऊ मातीची? कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं तळ घासला. काळा थर सुटला. खाली ओल्या मातीत काडीनं कोरावीत तशी दोन अक्षरं: डी, व्ही. फोटो काढून पुण्याच्या अवधूत कानिटकरांना पाठवले. संग्रहालयात जन्म गेलाय त्यांचा, उगाच हो म्हणणारे नाहीत.

मग बरणी पुसून लोणचं परत भरलं. ज्ञानदा जेवायला बसली होती.

४ मार्च
हिमोग्लोबिन उतरलं. लोहाच्या गोळ्या चालू असूनही. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आज पहिल्यांदा आठी दिसली.

ज्ञानदा म्हणते, "आई, तोंडात सारखं नाणं धरल्यासारखं लागतं. लोणचं खाल्लं की तेवढं बरं वाटतं." ओठ पांढरे दिसतात तिचे. पोळ्यांना येणारी काशम्मा लाटता लाटता तिच्याकडं बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, पोरीचा रंग काय मला बरा दिसंना." मी तिलाच चिडून बोलले.

७ मार्च, शनिवार
कानिटकरांचा फोन. "वहिनी, अभिनंदन! ते डी-व्ही म्हणजे फ्रान्समधल्या मेनसीच्या कारखान्याची खूण. अठराव्या शतकातली, खरी मऊ मातीची. अशी आपल्याकडं मी दुसरी पाहिली नाही." माझे पाय जमिनीवर नव्हते. मग म्हणाले, "फक्त जपा. लिमोजची झिलई काचेसारखी टणक, तिला काही होत नाही. हिच्यावरची झिलई शिशाची आहे. आंबट-खारट लागलं तर ती विरघळत जाते. फोटोत आतून उडालेली दिसते, कुणीतरी वापरलेली दिसते. वस्तूची किंमत कमी होते हो."

आधी मला बरणीचंच वाईट वाटलं. हे फक्त इथंच लिहिते. निदान पाच मिनिटं मी त्या गेलेल्या चकाकीसाठी हळहळत उभी होते.

मग आतून ज्ञानदाची हाक आली, "आई, लोणचं वाढतेस ना?"

ती चकाकी विरघळून गेली कुठं, हे तेव्हा कळलं.

८ मार्च
लोणचं टाकलं. बुरशी आली म्हणून सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. आता खाणारच नाही ती, तर अंगातलं शिसं हळूहळू उतरेल. उगाच आठव्या महिन्यात पोरीच्या जिवाला घोर कशाला?

तिच्यासाठी गप्प बसलेय असं मी स्वतःला सांगते. मला तिच्या तोंडाकडं बघवत नाही, हे खरं.

९ मार्च
आजही नाही.

१० मार्च
सांगितलं. घरी धीर झाला नाही, डॉक्टरबाईंच्या समोर सांगितलं, म्हणजे मधे कुणीतरी असेल. बाईंनी पेन खाली ठेवलं. किती दिवस, रोज किती, सगळं विचारलं आणि लगेच रक्त घ्यायला लावलं.

घर आल्यावर ज्ञानदानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

"आज मंगळवार आहे, आई."

१४ मार्च
रिपोर्ट आला. शिसं बरंच जास्त आहे. तिच्यात आहे म्हणजे बाळातही जातं. बाळाच्या डोक्यावर परिणाम होतो का, किती होतो, ते बाई आज सांगू शकत नाहीत. "जन्मल्यावर बघू. नंतरही काही वर्षं बघत राहावं लागेल." ह्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि ज्ञानदाच्या फाईलमध्ये लावून ठेवला.

१६ मार्च
ऋतुराज गाडी घेऊन आला. बाळंतपण पुण्याला, तिच्या सासरी. मी वाटेत खायला म्हणून डिंकाचे लाडू दिले. ज्ञानदानं डबा हातात घेतला, उलटा करून तळ बघितला. "हा कशाचा आहे?"

"स्टीलचा गं."

तिनं तो टेबलावर ठेवला आणि जिना उतरली.