‘लर्न’ आणि वाकडी सरी

३० मे, संध्याकाळ. ब्राह्मणपुरी

सरी वाकडीच गेली. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

वडिलांचा, नानांचा गुडघा दुखतो, म्हणून यंदा कपाशीची पहिली सरी मीच काढणार असा हट्ट धरला होता. तिच्याच आधाराने पुढच्या सगळ्या सऱ्या निघतात. नाना म्हणाले होते, "आधी दोन दिवस मन्हा मांगे चाल." त्यांच्या मागे मागे चालायचं? मी ऐकलं नाही. व्हिडिओ बघितले होते ना! अर्ध्या वावरात बैल डावीकडे गेले. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "मॅडम, सरी काढी ऱ्हायनी का गोमाई नदी?" नानांनी माझ्या हातून कासरा काढून घेतला. तेच जास्त लागलं. आता सरी सालदाराच्या, वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याच्या हाती जाणार, नक्की.

घरी येऊन रुसून मोबाईलवर इंग्लिश शब्दांची मुळं शोधत बसले, माझा नेहमीचा नाद. सहज 'लर्न' टाकलं. रोज वापरते तो शब्द! त्याच्या पार मुळाशी काय, तर माग, नांगराची सरी. शिकणं म्हणजे कुणाच्या तरी मागावर चालणं. अंगावर काटाच आला. आणि 'डिलिरियम', म्हणजे भ्रम होणं, ते सरी सोडून भरकटणं! हजारो वर्षांपूर्वी कुठल्या परक्या शेतात कुणाची सरी माझ्यासारखीच वाकडी गेली असेल?

पळत जाऊन नानांना सांगितलं. ते हसले. "आते समजनं? मी तेच सांगेल व्हतं."

"मग उद्या?"

"उद्या तू मन्हा मांगे. परवा मी तुन्हा मांगे."