मुठीतली सिरिंज

४ मार्च, सोमवार

पुन्हा अडलं! डॉक्टरांनी बाईंच्या मानेतल्या गाठीत सुई घातली, दट्ट्या दाबला – जागचा हलेना. मागच्या सोमवारीही हेच. बाई डोळे मिटून पडलेल्या. सुई काढल्यावर एवढंच म्हणाल्या, "नाही का गेलं?"

आमच्या वॉर्डात ही चौथी सिरिंज वाया. या नव्या औषधाची चाचणी दुसऱ्या हॉस्पिटलातही चालू आहे, तिथे एकही अडली नाही म्हणे. साडेसाती काय ती आमच्याच मागे!

बाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. हल्ली बोलवत नाही, म्हणून पेन्सिलीने वहीत काहीबाही काढत बसतात – सलाइनची बाटली, डॉक्टरांचे बूट. मुलांच्या चुका खोडून द्यायचात का, विचारलं. खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "छे! मुलाची चूक मुलाला दिसली पाहिजे. आपण नुसता कागद समोर धरायचा."

५ मार्च

हे औषध बनवणारी लॅबवाली आज बाईंना भेटायला आली. तिथेच गाठलं तिला. म्हटलं, नुसत्या सिरिंजा हातात देतेस, आत आहे काय ते तरी सांग.

"फ्रीजमध्ये पाण्यासारखं पातळ असतं, सिस्टर. अंगात गेलं की उबेने घट्ट होतं आणि गाठीतच बसून राहतं. तिथल्या तिथे कॅन्सरचं औषध थोडं थोडं सोडतं, महिनाभर. बाकीच्या शरीराला त्रास कमी."

म्हणजे पाहुणा म्हणून जायचं आणि मुक्काम ठोकायचा! मला फार आवडलं. बाईही कान देऊन ऐकत होत्या.

जिन्यात मात्र पोरीचा चेहरा उतरला. शुक्रवारी मीटिंग आहे. औषधातच दोष आहे असं ठरलं तर चाचणी बंद. बाईंची गाठ कापून काढता येत नाही, आधीची औषधं त्यांना सोसली नाहीत. पाणीसुद्धा आता चमच्याने घेतात. चाचणी बंद म्हणजे त्यांचं सगळंच बंद.

६ मार्च

सोमवारची अडलेली सिरिंज लॅबवालीसाठी फ्रीजमध्ये ठेवली होती. राहवेना. हातमोजे घातले, दट्ट्याला जरासं बोट लावलं – टपकन थेंब बाहेर! परवा दगड, आज पाणी!

मग बिघडलंय काय? फ्रीज ठीक आहे, आकडा दिवसातून दोनदा मीच लिहिते. खोली गार, ट्रे गार. फ्रीज ते डॉक्टरांचा हात, एवढ्यात ते गरम होतं कुठे? दिवसभर डोक्यात हाच भुंगा. घरी भाजीत दोनदा मीठ पडलं. हे म्हणाले, "आज सिरिंज शिजवलीस का?"

७ मार्च

ताप बघायला गेले तर बाई झोपलेल्या, वही पोटावर उघडी. मुठीचं चित्र. मुठीतून सिरिंजचं टोक डोकावतंय. करंगळीवर भाजल्याचा डाग. माझाच हात!

स्टुलावर बसले.

बावीस वर्षं प्रत्येक गार इंजेक्शन मी दोन मिनिटं मुठीत धरते. गार औषधाने पेशंटला कळ येते म्हणून. इतकं अंगवळणी पडलंय की करतेय हेही कळत नाही. वर वॉर्डातल्या सगळ्या पोरींना मीच शिकवलंय! लेबलावर ठळक लिहिलंय, 'थंड ठेवा'. ठेवतेच की – फ्रीजमध्ये!

चारही सिरिंजा आमच्या मुठींनी अडवल्या. मायेने! लाज वाटते. गप्प बसून सोमवारपासून हात आवरला तर कुणाला पत्ता लागणार नाही. पण मीटिंग उद्या आहे.

८ मार्च

सांगितलं. सगळ्यांसमोर. मोठे डॉक्टर कडाडले, "बावीस वर्षं नोकरी आणि लेबल वाचता येत नाही?" लेखी खुलासा मागितलाय. लॅबवाली खुर्चीत बसून हसत होती नि डोळे पुसत होती.

चाचणी चालू!

११ मार्च

सिरिंज बर्फाच्या ट्रेमधून थेट डॉक्टरांच्या हातात. मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी. सर्रकन गेलं! बाईंना कळ आली, त्यांनी ओठ चावला. माझ्या मुठी आपोआप वळल्या होत्या.

८ एप्रिल

गाठ मऊ पडलीय, थोडी लहानही. बाईंनी चहात बुडवून अर्धं बिस्किट खाल्लं. अर्धं मला दिलं.

९ एप्रिल

बाई घरी गेल्या. जाताना ते मुठीचं चित्र वहीतून फाडून मला दिलं. घरी येऊन उलटं करून पाहिलं, तर मागे बारीक अक्षरात –

'६ मार्च. सिस्टरच्या मुठीतच घट्ट होतंय. उद्या त्या ताप बघायला आल्या की वही उघडी ठेवून झोपेचं सोंग घ्यायचं.'