तीन मधले फिन

आबा, घरात पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या नातीचा सर्फबोर्ड हॉलपासून ओट्यापर्यंत आडवा पडलाय, पोट वर करून, आणि मी त्याच्याशेजारी पाना घेऊन बसलोय. लाटेवर उभं राहायची फळी ही. तिच्या शेपटाकडे, खालच्या अंगाला, माशासारखे पर बसवतात. त्यांना फिन म्हणतात. लाटा बारक्या, आळशी असल्या की पोरगी दोनच लावते, बोर्ड झटकन वळतो. लाट उंच असली की तीन, म्हणजे तो घसरत नाही, पाण्याला धरून राहतो. उद्या सकाळी आम्ही इथून निघून ताम्हिणी घाट उतरणार, पार समुद्रावर. आणि मोबाईल म्हणतोय, एवढ्या मोठ्या लाटा तिने आजवर घेतलेल्या नाहीत. दुपारपासून मी पुन्हापुन्हा तेच उघडून बघतोय.

"बाबा, तीन मधल्या मापाचे लाव हं," असं सांगून ती गाडीत पेट्रोल भरायला निघाली. मी विचारलं, मोठे का नकोत, जास्त धरून ठेवतील की. "अरे, माझं वजन केवढं! मोठे लावले तर बोर्ड माझ्याने वळणारच नाही. आणि उद्या ओहोटी आहे, पाणी उथळ. वाळूत अडकले तर तोंडावर आपटेन ना." मी मान डोलावली. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला आणि मी तिन्ही मोठे बसवले. स्क्रू इतके आवळले की बोटं लाल झाली. मोठे म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे पोरगी सुखरूप, एवढंच डोक्यात. मग हात थांबले, कारण तुमचा आवाज आठवला.

धरणाच्या पाण्यावर माणसं पलीकडे नेणारी तुमची होडी. वारा सुटला की ती आडवी वाहायची, म्हणून तुम्ही तिच्या कुशीला एक रुंद फळी पाण्यात सोडायचात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मात्र ती वर ओढून ठेवायची, खाली बुडालेल्या झाडांची खोडं असतात. माझी दहावीची सुट्टी चालू आहे. पलीकडच्या वाडीतली एक बाई शेळी घेऊन होडीत बसलीय, वारा अंगावर येतोय, आणि तुम्हाला न विचारताच मी फळी सोडून देतो. मध्यावर ती खोडाला अडकते. होडी कलते, पाणी आत येतं, शेळी ओरडते. तुम्ही एका हाताने फळी उपसून काढता. मला मारत नाही, आवाजही चढवत नाही.

"भ्यालास म्हनून सोडलीस. पान्याकडं बगितलंस का? भ्यायचं तर भी लेका, पन आदी पानी बग."

"ऱ्हाऊ द्या वो," ती बाई म्हणते, "शेळीची आंगूळ झाली, लई दिस झालं हुतं." आणि तुम्ही हसता.

तुम्हाला शेवटी नेलं ते काविळीने, पाण्याने नाही. तरी पाण्याची धास्ती माझ्या पोटातून कधी गेली नाही. आत्ता मी मोठे फिन काढलेत आणि तीन मधले बसवलेत, तिने सांगितले तसे. एक स्क्रू दोनदा खाली पडला. ती येईल, हाताने हलवून बघेल आणि "मस्त" म्हणेल. तिला काही कळणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. आबा, त्या दिवसानंतरही मी पाण्याकडे कधी बघितलं नाही. वारा आला की मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. ते शांत असलं की पुरे. उद्या समुद्रात शिरताना ती एकदा मागे वळेल, माझ्या तोंडाकडे बघायला. तुम्ही खरंच भीत नव्हतात की चेहरा तसा ठेवत होतात, हे विचारायचं राहून गेलं.