राखीव तळावरील संशयास्पद हालचाली

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

मी, लेम्युएल थॉमस प्रॅटर, वय वर्षे सत्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), केंटकी राज्यातील काउंटी कोर्टाचा निवृत्त बेलिफ, विधुर, हल्ली मुक्काम पिकेट फॉर्क, इंडियाना, मुलीच्या घरी, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, आज दुपारी आम्ही येथे राहावयास आलो.

मुलगी वॉनिटा हवाई दलात मास्टर सार्जंट आहे. तिची बदली येथील राखीव तळावर झाली. राखीव म्हणजे काय, ते ती वाटेत बराच वेळ समजावीत होती. मला ऐकता आले नाही, कारण गाडी चालविताना बोलू नये हे मी तिला त्याच वेळी समजावीत होतो. शिवाय अर्थ मला ठाऊक आहे. आमच्या कोर्टात पहिला बाक राखीव असे. त्यावर कधीही कोणी बसत नसे.

सामान उतरण्यापूर्वीच वॉनिटाने मला खुर्चीत बसवून बजाविले की डॅडी, मागच्या दोन्ही गावांत तुमच्या तक्रारींपायी मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मला इथूनच निवृत्त व्हायचंय. इथे एक जरी भानगड केलीत ना, तर सिल्व्हर मेपल वृद्धाश्रमात तुमचं नाव घालीन. सांगून ठेवते.

ती थट्टा करीत होती. आईवर गेली आहे. थट्टा करताना हसत नाही.

संकल्प : वाद नाही, तक्रार नाही. केवळ निरीक्षण.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दारात अनोळखी इसम. नाव डर्वर्ड हिकल. बांधा स्थूल, चेहरा विनाकारण आनंदी. हातात ट्यूना मासा आणि शेवया घालून भाजलेल्या पदार्थाचे भांडे. म्हणाला की मी तुमचा स्पॉन्सर. तळावर नवं कुटुंब आलं की एक माणूस नेमून देतात, त्याला सगळं दाखवायला, लागेल ते पाहायला.

म्हणजे पाळतीवर नेमलेला माणूस. आणि स्वतःच्या तोंडाने कबूल करतो!

त्याने लगेच उलटतपासणी सुरू केली. कॉफीत साखर किती? कोणते पदार्थ सोसत नाहीत? मासेमारीचा शौक आहे का? मी म्हणालो की जबाब घ्यावयाचा असेल तर प्रथम शपथ द्या. तो खो खो हसला आणि वॉनिटाला म्हणाला की तुझे वडील म्हणजे नमुनाच आहेत, बरं का! वॉनिटा हसली नाही.

भांड्यातील पदार्थ तपासणीसाठी थोडा खाल्ला. नंतर उरलेलाही खाल्ला, म्हणजे तपासणी अर्धवट राहू नये.

९ सप्टेंबर, सोमवार

तळाची बाहेरून पाहणी केली. संशय बळावला. अवाढव्य विमाने एका ओळीत उभी. माणूस औषधालाही नाही. फाटकावर एमेट नावाचा एकच पहारेकरी, तोही पेपरातील कोडे सोडवीत होता. त्याला विचारले की सैन्य कोठे आहे? तो म्हणाला की आजोबा, सैन्य आपापल्या कामावर गेलंय. शनिवारी या, पाय ठेवायला जागा मिळायची नाही.

कामावर! सैन्याला सैन्याखेरीज दुसरे कोणते काम असते?

ही बाब वॉनिटाच्या कानावर घालणार नाही. ती माणसांवर फार लवकर विश्वास ठेवते.

११ सप्टेंबर, बुधवार

केस कापावयास गेलो. दुकानात वस्तरा घेऊन कोण उभा? डर्वर्ड हिकल. पाळत ठेवणारा मनुष्य न्हावी म्हणून वावरतो. अशा मनुष्याच्या हाती मान द्यावी लागली. सबंध वेळ डोळे उघडे ठेवून बसलो. त्यामुळे डोळ्यांत केस गेले.

तो म्हणाला की प्रॅटरसाहेब, मान सैल सोडा, मी गळा कापायचे जास्त पैसे घेतो. बाकावरील माणसे हसली. सर्व सामील दिसतात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

टपालवाली कॉर्डेलिया व्हॉस आमच्या हिरवळीवरून तिरकी चालत गेली. संकल्प मोडला नाही. तक्रार केली नाही, केवळ समज दिली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. ती म्हणाली की चुकलंच माझं. मग पिशवी सावरीत म्हणाली की उद्या तळावर भेटूच, वॉनिटाला सांगा.

टपालवालीचे तळावर काय काम?

वॉनिटाने रात्रीच्या जेवणात सांगितले की उद्या कुटुंबीयांचा दिवस आहे. दहा वाजता या. फाटकावर तुमचं नाव दिलंय. सगळ्या तुकडीसमोर माझी ओळख करून देणार आहेत. डॅडी, कोट घाला आणि मागच्या खुर्चीत गप्प बसा. एवढंच करा माझ्यासाठी.

वचन दिले.

१४ सप्टेंबर, शनिवार, सायंकाळ

आजचा प्रसंग जसा घडला तसा नोंदवितो.

सकाळी गावाचा रंग पालटला होता. न्हाव्याचे दुकान बंद. औषधांचे दुकान बंद. हिकल घरातून बाहेर पडला तो सार्जंटच्या गणवेशात. त्याच्यामागे औषधवाला, त्याच वेषात. पुढच्या वळणावर कॉर्डेलिया व्हॉस. तिच्या खांद्यावर रुपेरी पान, म्हणजे लेफ्टनंट कर्नल! काल हिच्या खांद्यावर टपालाची पिशवी होती.

सर्व उलगडले. खरे सैन्य येथे नाहीच. गावातील किरकोळ दुकानदारांनी गणवेश मिळवून तळ बळकाविला आहे. आणि माझी भोळी मुलगी त्यांच्या ताब्यात.

फाटकावर एमेटला सांगितले की आत तोतये शिरले आहेत. तो म्हणाला की आजोबा, आत्ता कळलं होय? जा आत, हॉट डॉग संपायच्या आधी पोचा. हाही फितूर.

विमानांच्या शेडमध्ये तुकडी रांगा धरून उभी होती, वॉनिटा पहिल्या रांगेत. समोर मंचावर व्हॉसबाई. त्यांनी वॉनिटाचे नाव घेतले. अधिक वाट पाहणे शक्य नव्हते. मी मागील खुर्चीवर चढलो आणि कोर्टातील आवाजात ओरडलो की कोणीही जागचे हलू नये!

कोणीही हलले नाही. इतक्या वर्षांनी आवाजात काही उणे आलेले नाही. (वॉनिटा म्हणते, ती माणसे सावधान स्थितीत होती, त्यामुळे हललीच नसती. असो.)

मग मी एकेकाकडे बोट करून आरोप वाचले. मंचावरील बाई टपाल वाटते. दुसऱ्या रांगेतील स्थूल इसम न्हावी आहे. त्याच्या डावीकडचा खोकल्याचे औषध विकतो. यांना त्वरित अटक व्हावी.

व्हॉसबाई मंचाच्या कडेला आल्या. मग म्हणाल्या की प्रॅटरसाहेब, तुमचे सगळे आरोप खरे आहेत. आम्ही महिन्यातला एक शनिवार-रविवार सैनिक असतो, बाकीचे दिवस पोटाचा धंदा करतो. म्हणून तर आम्हाला राखीव म्हणतात. मग तुकडीला म्हणाल्या की पहिली रांग, ज्याचा बाहेर दुसरा धंदा आहे त्याने हात वर करा.

सर्व हात वर गेले. एकच खाली राहिला. वॉनिटाचा. ती बारा महिने सैनिक आहे. सगळी शेड तिच्याकडे वळून पाहत होती. तिचे डोळे मिटलेले होते.

मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि सबंध शेड हसली. कुटुंबीयांनी टाळ्या वाजविल्या. मी कोट सारखा करून खाली उतरलो. टाळ्या कशासाठी होत्या, याबाबत मतभेद होऊ शकतो.

१५ सप्टेंबर, रविवार

वॉनिटा बोलत नाही. फोनवर मात्र बोलली. स्वयंपाकघरातून ऐकू आले ते असे : हो, एकटेच. नाही, चालता येतं. औषधं वेळेवर घेतात. हो, स्वभाव जरा कडक आहे.

बहुधा वरिष्ठांना माझी पात्रता कळवीत असावी. फाटकावर दक्ष माणसाची उणीव आहेच.

१६ सप्टेंबर, सोमवार

हिकल आला होता. तपासाच्या हेतूने मी दारामागे उभा राहिलो.

हिकल म्हणाला की वॉनिटा, अगं राहू दे त्यांना. कोणी मनावर घेतलेलं नाही. व्हॉसबाई तर घरोघरी टपाल देताना तोच किस्सा सांगतात. गावाची अशी करमणूक कधी झाली नव्हती.

वॉनिटा म्हणाली की गावाची झाली रे. माझी नाही झाली. तिसरं गाव आहे हे, हिकल. बावीस वर्षं नोकरी केली, आणि पहिल्याच दिवशी मी कोण, तर खुर्चीवर चढलेल्या म्हाताऱ्याची मुलगी.

मी दारामागेच राहिलो. वास्तविक मुद्दे बरेच होते.

१८ सप्टेंबर, बुधवार

वॉनिटाने माझी ट्रंक भरावयास घेतली. हिवाळ्याचे कपडेही घातले. मी म्हणालो की नेमणूक लांब पल्ल्याची दिसते. ती म्हणाली की डॅडी, तुम्हाला कळलंय. कळलंय ना?

मी म्हणालो की लोकरी मोजे वरच्या बाजूस ठेव.

२१ सप्टेंबर, शनिवार

सिल्व्हर मेपल. खोली पहिल्या मजल्यावर. खिडकी वाहनतळाकडे, निरीक्षणास सोयीची.

ट्रंक हिकलने उचलून आणली. म्हणाला की मी येत जाईन, केस कापायला. मी म्हणालो की फारसे उरलेले नाहीत. तो म्हणाला की मग सावकाश कापू.

वॉनिटाने पलंगाची चादर ओढून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, बंद करून पाहिली. निघताना तिने माझी कॉलर नीट केली. मी काही बोलणार होतो. वाक्य व्यवस्थित जुळेपर्यंत ती जिन्याशी पोचली होती.

त्यानंतर खिडकीतून पुढील गोष्टी पाहिल्या. वॉनिटा गाडीत चालकाच्या जागी बसली, हिकल शेजारी. गाडी सुरू केली नाही. कपाळ स्टीअरिंगच्या चक्रावर टेकले. असे बराच वेळ. तिचा विचार बदलला असावा, असा निष्कर्ष काढून मी कोट घातला, टोपी हातात घेतली. ट्रंक उघडलेली नव्हती, ती दाराशी ओढून ठेवली.

मग हिकल दुसऱ्या बाजूने उतरला, वळसा घालून आला. तिने जागा बदलली. गाडी त्याने चालवीत नेली.

वॉनिटाला गाडी उत्तम चालविता येते. मीच शिकविली आहे.

वरील घटनेच्या वेळी हजर साक्षीदार : डर्वर्ड हिकल, न्हावी व सार्जंट. मिसेस ओटिली क्रांझ, येथील व्यवस्थापिका. या मागे येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी माझ्या हातातून टोपी घेतली. वॉनिटा प्रॅटर, मुलगी. हिने वर पाहिले नाही.