दिवेवाल्याचं घर

४ ऑक्टोबर, शनिवार

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आली. बाई. एकटी. तिशीची असेल. सामान म्हणजे दोन खोकी, एक टेबल आणि खांद्याला अडकवलेलं एक यंत्र, जे तिने हमालाला हात लावू दिलं नाही. दार ढकलून उघडलं. आमच्या गल्लीतली दारं आधी स्वतःकडे ओढून मग ढकलायची असतात, नाहीतर बिजागरी घासते. मी खिडकीतून सांगितलं. "हो का?" म्हणाली आणि पुन्हा ढकललं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी फेरी, म्हणजे दर रविवारी पाहुण्यांना गल्लीतली जुनी घरं दाखवत फिरवतो ती. पाहुणे बरे जमले होते. एकाने विचारलं, तुम्ही प्राध्यापक का? म्हटलं, नाही, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. हे सांगताना मला दरवेळी बरं वाटतं, कारण समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. शाळा दहावीला सुटली, बाकी सगळं वाचनालयाच्या बाकावर शिकलो. या गल्लीची फरसबंदी कधी झाली, कुठल्या घराचं छप्पर जळालं, लोखंडी कठडे कुठल्या भट्टीतले — विचारा.

फेरीनंतर नेहमीप्रमाणे काकूंकडे. काकू म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या रहिवासी. लग्न होऊन आल्या त्या इथेच. तळमजल्याच्या खिडकीत बसतात, चहा करतात, मी त्यांचा चष्मा पुसून, स्क्रू आवळून देतो आणि माझे प्रश्न काढतो. प्रश्न मी तयार करून नेतो. आधी पुस्तकं, मग काकू. उगाच त्यांना शिणवायचं नाही. मागे एकदा विचारलं होतं, "काकू, कोपऱ्यावरच्या घरात रस्त्यावरचे दिवे लावणारा दिवेवाला राहायचा ना? दारावर शिडी टांगायचा आकडा आहे म्हणून म्हणतो." "हो, राहायचा," म्हणाल्या होत्या. झालं. आकडाही आहे, साक्षही आहे. फेरीत लोकांना सगळ्यांत जास्त तेच घर आवडतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गल्लीच्या समितीची बैठक. दर घरावर धातूची कायमची पाटी बसणार — घर कधीचं, कोण राहायचं. अध्यक्ष आमचे दातांचे डॉक्टर. मला वाटलं होतं मजकूर माझा हे ठरलेलंच आहे, फक्त रीतसर मांडायचं. तर डॉक्टर म्हणाले, "समोर त्या नवीन बाई आल्यात ना, त्यांचं हेच काम आहे. लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करतात. त्यांचाही मजकूर मागवू. मग दोन्ही बघू."

दोन्ही बघू.

तिला येऊन आठवडा झाला नाही. मी हसून "जरूर" म्हटलं. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. ती थाप अजून पाठीवर आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

काकूंकडे गेलो तर ती आधीच बसलेली. माझ्या खुर्चीवर. यंत्र टेबलावर, त्याचा लाल ठिपका लुकलुकतोय. काकू बोलत होत्या. इतक्या वर्षांत माझ्याशी सलग इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. कुठल्याशा धोब्याच्या बायकोची गोष्ट, गल्लीतून दोरी बांधून ती चादरी कशी वाळत घालायची, एकदा वारा आला आणि एक चादर थेट न्यायाधीशाच्या गच्चीत. काकू हसता हसता खोकल्या.

मी दारातच म्हटलं, "न्यायाधीश गल्लीत राहायला आले तोवर दोऱ्या बंद झाल्या होत्या, काकू."

"असेल बाबा," म्हणाल्या. आणि कप तोंडाला लावला.

त्या बाईने त्यांना पुन्हा बोलतं केलं. मी मुद्दाम ऐकत राहिलो, कशी विचारते ते. प्रश्नच नाहीत. नुसतं "मग?" म्हणते. "मग?" हा काय प्रश्न झाला? त्याला अभ्यास लागतो का काही?

आणि काकूंचा चष्मा पुसलेला होता. कुणाच्या तरी सदऱ्याच्या टोकाने. काचेवर रेषा दिसत होत्या. मला दिसतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हिला सांगितलं. ही पोस्टात खिडकीवर बसते, त्यामुळे गल्लीची बातमी हिच्याकडे तिकीट लावून येते. "चष्मा पुसला म्हणून इतका राग?" म्हणाली. "माझा चष्मा गेल्या महिन्यापासून धूसर आहे. तुमचं लक्ष आहे का?"

तो विषय वेगळा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळी गल्ली तिच्याकडे. बेकरीवाला बोलून आला. शेजारचे निवृत्त वाहतूक हवालदार बोलून आले. डॉक्टरांच्या सासूबाई तर दोनदा. मला कुणी बोलवत नाही. मला काय विचारणार म्हणा, मीच सगळ्यांना सांगत आलोय. पण विचारायला काय हरकत होती?

बेकरीवाला पाव बांधता बांधता म्हणाला, "बाई छान ऐकते हो. तुमच्यासारखी मधे मधे तारीख सांगत नाही."

मी पाव तिथेच ठेवून आलो. नंतर हिने जाऊन आणला.

१९ ऑक्टोबर, रविवार

फेरीला ती आली. मागे उभी राहिली. कोपऱ्यावरच्या घरापाशी मी आकडा दाखवला, संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून निघणारा दिवेवाला उभा केला, रॉकेलचा वास, त्याच्यामागे पळणारी पोरं. लोक वर बघत राहिले. ती वर बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. कीव करावी तशी. मला वाटलं, बाईचा जळफळाट होतोय. त्या विचाराने दिवस छान गेला.

काकूंकडे गेलो नाही. जाऊ देत. असेल कुणीतरी "मग?" म्हणायला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मजकूर पूर्ण. प्रत्येक घर दोनदा तपासलं. सुवाच्य अक्षरात उतरवून डॉक्टरांना दिला. एकही शब्द अंदाजाने नाही. डॉक्टरांनी चाळला. "व्वा. बाईंचा येऊ दे, मग ठरवू." त्यांच्या दवाखान्यात दाताच्या चित्राखाली तिचं कार्ड लावलंय. माझं कार्ड नाही. मी कधी केलंच नाही. गल्लीत कार्ड कशाला लागतं?

२६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा गेलो नाही. खिडकीवरून गेलो फक्त. काकूंनी काचेवर टकटक केली. मी हात हलवला, घाईत असल्यासारखा. घाई कसलीच नव्हती. घरी येऊन बसून राहिलो.

ही म्हणाली, "म्हातारी वाट बघते तुमची. काल पोस्टात आली होती. एवढं चालत. तिकीट नको, काही नको. म्हणे, तो आजारी आहे का?"

"तिला सांग, व्यस्त आहे."

"मी नाही सांगणार खोटं. तुमचं तुम्ही सांगा."

२७ ऑक्टोबर, सोमवार

ती दुकानात आली. मला वाटलं चष्म्याचं काही असेल. मालकासमोर म्हणाली, "दादा, एक रेकॉर्डिंग आहे. काकूंचं. समितीकडे द्यायच्या आधी तुम्ही ऐकावं असं वाटतं."

दादा म्हणाली. कधीपासून मी तिचा दादा?

चूक सापडली असणार तिला तिच्याच कामात, आणि दुरुस्त करून घ्यायची असेल माझ्याकडून. म्हटलं, गुरुवारी येतो. तिच्या समोर वही उघडून काय काय विचारायचं ते आतापासून टिपून ठेवलंय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लिहू की नको. लिहितो.

तिच्या खोलीत एकच खुर्ची. ती मला दिली, स्वतः खोक्यावर बसली. यंत्र सुरू केलं. आधी काकूंच्या कपबशीचा आवाज, मग काकू. कोपऱ्यावरच्या घराचं चाललं होतं.

"तिथे कोण राहायचं मला काय माहीत. मी आले तेव्हा कुलूप होतं. तो म्हणतो दिवेवाला. मी हो म्हणते."

"मग?" — ती बाई.

"मग काय? त्याला आधीच पाठ असतं सगळं. विचारतो ते उत्तर घेऊनच. एकदा मी नाही म्हटलं. बेकरीच्या जागी आधी तबेला होता म्हणत होता, मी म्हटलं नाही रे, तिथे शिवणकामाचा वर्ग होता, मीच जायचे. तर उठला. वाचनालयात गेला शोधायला. किती दिवस आला नाही. मी दोन कप काढून ठेवायचे. तेव्हापासून हो म्हणते. हो म्हटलं की तो बसतो. चष्मा पुसतो. चांगला आहे गं. फक्त त्याला हो लागतं."

"आणि मला?"

"तुला काय, तू आज आहेस, उद्या दुसऱ्या गल्लीत. तुला खरं सांगायला माझं काय जातं?"

तिने यंत्र बंद केलं. म्हणाली, "हे मी कुणाला ऐकवलेलं नाही. समितीला द्यायलाच हवं असं नाही. तुम्ही सांगाल तसं."

मी विचारलं, "आकडा कसला मग?"

"माहीत नाही."

किती सहज म्हणाली. मला तर हे दोन शब्द तोंडातून काढता आले नसते. तिचा राग राग करत जिना उतरलो. उतरून झाल्यावर लक्षात आलं, राग तिचा येतच नाहीये.

बेकरीचं मला आठवतं. शिवणकामाचा वर्ग कुठल्याच पुस्तकात सापडला नाही, म्हणून मी ते लिहिलं नाही. काकूंना तसं सांगितलंही होतं. "पुस्तकात नाही, काकू."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मजकूर घेऊन बसलो. जिथे जिथे "रहिवाशांच्या आठवणीनुसार" लिहिलंय तिथे पेन्सिलने खूण केली. पान खुणांनी भरलं. दुसरंही.

आणि तरी मनात काय येतं? तिला खरं सांगितलं. मला नाही. ती कोण लागते काकूंची? या वयात हे असं वाटणं लाजिरवाणं आहे. वाटतंय मात्र.

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. कांदा चिरत होती, सुरी थांबली. "मी रोज नाही म्हणते," म्हणाली, "तरी तुम्ही घरी येता. तिच्याकडे नाही म्हणायची सोय नव्हती."

मग म्हणाली, "माझा चष्मा द्या पुसून." दिला. खरंच धूसर होता.

१ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन माझा मजकूर परत घेतला. "का हो?" म्हणाले. "काही शंका आहेत." "तुम्हाला?" ते बघतच राहिले. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंटही बघत होता.

जिना चढून तिच्याकडे गेलो. म्हटलं, रेकॉर्डिंग समितीला द्या. सगळं. ती म्हणाली, "दादा, तुमच्या तारखा मला लागतील. त्यातल्या बऱ्याच बरोबर आहेत."

बऱ्याच. हा शब्द मला झोंबला. पण उद्या तिला बसून सांगेन म्हणालो. काकूंकडून आल्यावर.

२ नोव्हेंबर, रविवार

फेरी रद्द केली. काकूंकडे गेलो. प्रश्न एकही नेला नव्हता. त्या गप्प, मी गप्प. चष्मा पुसून झाला, तरी गप्प. काकूंचे हात मांडीवर चुळबुळ करायला लागले. मी उठेन असं त्यांना वाटलं असावं. घाईघाईने त्याच म्हणाल्या, "काय रे, कोपऱ्यावर तो दिवेवालाच राहायचा ना?"

"हो काकू," म्हटलं. "राहायचा."

"मग बस. चहा टाकते."