तीन पायांच्या शर्यतीनंतर बदललेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. गेल्या वर्षीचे मृत्युपत्र याने रद्द समजावे. त्यात मी मुलाला वगळले होते. तेव्हा का आणि आता का नाही, हे त्याला कळावे म्हणून थोडे पाल्हाळ होईल.

१. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, माझ्या पश्चात मुलगा व सून यांचे समान, त्यांच्यामागे नातीचे. मुलगा आठशे मीटर धावतो. मोठ्या खोलीत त्याचे पदकांचे कपाट आहे. ती खोली माझ्या मरणाची वाट न पाहता नातीला द्यावी. पदके पलंगाखाली मावतात, मी मापून पाहिले आहे.

२. बँकेतली ठेव सुनेची. तो धावत होता तेव्हा घर तिच्या पगारावर उभे होते. जपमाळही तिलाच. तिचा विश्वास नाही, पण राग गिळताना हातात काहीतरी लागते.

३. धाकट्या जाऊबाईंनी नेलेली कात्री त्यांनाच राहू द्यावी. धार मात्र मी लावलेली होती.

४. आता दोष लिहिते, तो माझा. मुलगा झोपला की मी घर मुके करीत असे. साय त्याला, पंखा त्याला. त्याच्या वडिलांना रुग्णालयात नेले तेव्हा त्याची मोठी शर्यत चार दिवसांवर होती. फोनवर मी सांगितले, "बाबा झोपलेत." तो पदक गळ्यात घालून दारात आला तेव्हा सगळे उरकले होते. दुसऱ्याचे दुखणे आपल्या वाटेत येऊ द्यायचे नसते, हे तो माझ्याकडूनच शिकला. मुलगी झाली त्या दिवशीही तो सराव संपवून आला. सुनेने ते मनात ठेवले आहे. ठेवावे.

५. गेल्या वर्षी नातीच्या शाळेत पालक आणि मुलांची तीन पायांची शर्यत झाली. नात पाच वर्षांची, तिला सगळे मुंगी म्हणतात. याने पायाला पाय बांधला आणि तिला बखोटीला धरून फरफटत पहिला नंबर काढला. तिचा गुडघा सोलला. हा घड्याळ बघत होता. त्याच आठवड्यात मी पहिले मृत्युपत्र केले. त्या शर्यतीत बक्षीस मिळालेला कप शाळेला परत करावा.

६. पुढे सुनेची सहा महिने बाहेरगावी बदली झाली आणि मुंगीची सकाळ याच्या गळ्यात पडली. पहिले काही दिवस तो तिचे दात घासणेही घड्याळ लावून मोजी. मग एकदा शाळेत सोडून उशिरा परतला. सराव बुडाला होता. विचारले तर म्हणाला, "वाटेत गांडूळ होतं, आई. ते पलीकडे जाईपर्यंत थांबायचं ठरलं होतं." कोणी ठरवले, ते मी विचारले नाही.

७. यंदा शर्यतीसाठी जुन्या चादरीची पट्टी मी शिवून दिली. मैदानावर मुंगी म्हणाली, "बाबा, तू मोजू नकोस. मी मोजते." ती बारानंतर पंधरा म्हणते. हा तिच्या मोजणीने पावले टाकीत राहिला. लोक हसले. "शेवटून पहिले आलो," असे त्याने मला येऊन सांगितले. दोघांचे गुडघे शाबूत. ती पट्टी दोघांची सामाईक. कापून वाटू नये.

८. घरी येताना मुंगी पुढे होती. इतक्या वर्षांत त्याने प्रथमच विचारले, "बाबांचं मला का नाही कळवलंस?"

मी म्हटले, "हरला असतास."

"हरलो असतो," तो म्हणाला.

९. म्हणून शेवटची इच्छा, आणि ती वरील सर्वांपेक्षा आधी पाळावी. मी आजारी पडले की मुलाला त्याच दिवशी कळवावे. शर्यत असो, सराव असो. आई झोपली आहे, असे कोणी सांगू नये. आणि येताना त्याने मुंगीला सोबत आणावे, तिच्या चालीने. तेवढी मी थांबेन.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
तारीख: शाळेच्या मैदानी खेळांनंतरचा पहिला रविवार

सही: मुलाची आई, मुंगीची आजी

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. शाळेचे खेळाचे मास्तर (दोन्ही वर्षी शिट्टी यांनीच वाजवली)