जिची मजुरी तिच्या हातात

सांगली,
१४ एप्रिल १९७४

प्रिय बनू,

किती महिन्यांनी लिहितेय, आणि तेही वैतागून. तुझी खाणावळ कशी चाललीय? भूकंपानंतर ताडपत्रीखाली चूल मांडून तू कोयनेच्या प्रकल्पावरच्या माणसांना भाकरी वाढत होतीस, दारात आलेल्या कुणाला परत पाठवत नव्हतीस, ते मला हल्ली सारखं आठवतं. का, ते शेवटी सांगते. आधी माझं रडगाणं ऐक.

हे गेल्यापासून हळदीची वखार मीच बघते. हळकुंडं निवडायला बायका येतात. इथली रीत अशी, की शनिवारी नवरे फाटकाशी येतात आणि बायकांची मजुरी घेऊन जातात. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही गं, खरंच सांगते. मग होळीच्या सुमारास लेबर इन्स्पेक्टर आला. म्हणाला, जी राबते तिच्याच हातात पैसे द्या, अंगठाही तिचाच घ्या, नाहीतर खटला भरीन. मी म्हटलं, एवढंच ना! त्या शनिवारी फाटक लावून घेतलं आणि एकेकीला आत बोलावलं. बाहेर नवरे नुसते धुसफुसत होते. मला तर बाई हसूच आवरेना.

बाकीच्यांनी बाहेर पडताच पैसे नवऱ्याकडे दिले. हरणाबाईनं दिले नाहीत. दुष्काळात माणातून आलेली ही, मान खाली घालून काम करणारी. तिनं पोरीला शाळेसाठी झगा घेतला. पुढच्या शनिवारी आली ती उजवा हात गळ्यात बांधून. नवऱ्यानं, अर्जुनानं, लाकडानं मारलं होतं. मला म्हणते, "आवं वैनी, अंगठा मी देते, पैसं त्यास्नीच द्या की. आमाला न्हाई झेपायचा तुमचा ह्यो कायदा."

काय करायचं मी? दिले असते तर इन्स्पेक्टरला पत्ताही लागला नसता. पण अर्जुना फाटकाशी असा ऐटीत उभा होता, जणू वखार त्याच्या बापाची. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी पैसे तिच्या डाव्या हातात ठेवले. घरी जाताच त्यानं तो झगा चुलीत घातला आणि मायलेकींना बाहेर काढलं. तेव्हापासून दोघी माझ्या वखारीत पोत्यांआड राहतात. काल तो कोयता घेऊन आला होता. हमालांनी धरला म्हणून बरं. मी कायदा पाळला की माझा हट्ट पुरवला, हेच मला कळेनासं झालंय. मार मात्र तिनं खाल्ला. जेवण गोड लागत नाही बघ.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. जी ते घेऊन तुझ्या दारात उभी आहे, तीच हरणाबाई. पदराआड लपलीय ती तिची पोर. दोघी कुठं गेल्या, हे इथं कुणालाच सांगितलेलं नाही. हात बसेपर्यंत तिला पानं मांडू दे, मग भाकरी थापेल. पोरीला शाळेत घाल. आणि बनू, मजुरी तिच्याच हातात दे. पैसे दिसले की ती अजून हात मागं घेते. तरी दे.

तुझीच,
विजयमाला